धंतोलीतील गर्भाशय-प्रतिकारशक्ती तपासणी संच: काय घ्यावे, काय नाकारावे

गेल्या दीड वर्षात माझे दोन गर्भ पडले, पहिला सातव्या आठवड्यात आणि दुसरा नवव्या. त्यानंतर नागपूरच्या धंतोलीतील एका वंध्यत्व उपचार केंद्रात मी जो प्रतिकारशक्तीचा तपासणी संच घेतला, त्याचे हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव मी लिहिलेले नाही, कारण जवळपास असाच संच जवळपास अशाच शब्दांत मला दुसऱ्याही एका ठिकाणी सांगितला गेला होता, आणि माझे म्हणणे त्या संचापुरते व तो समजावून सांगण्याच्या पद्धतीपुरते आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे अहवाल हातात आल्यावर तो वाचून, शोधून, पडताळून पाहणे मला जमले. त्याच बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या, उमरेडहून पहाटेची गाडी पकडून आलेल्या मुलीला ते जमणार नव्हते, आणि मुख्यतः तिच्यासारख्या वाचकांसाठी मी हे सविस्तर लिहीत आहे.

संचाची किंमत २२,००० रुपये होती आणि ती तपासणीआधी एकरकमी भरावी लागली. रक्तातील एनके, म्हणजे 'नॅचरल किलर' नावाच्या प्रतिकारपेशींचे प्रमाण, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून त्यावर केलेल्या दोन रंगचाचण्या, त्याच तुकड्याची क्षयासाठीची तपासणी, अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे (रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवणारी, स्वतःच्याच शरीराविरुद्धची प्रतिपिंडे), थायरॉईड आणि अहवाल समजावून सांगणारी एक भेट, एवढे त्यात होते. अस्तरावरील रंगचाचण्यांपैकी एक एनके पेशी मोजण्यासाठी असते आणि दुसरी, सीडी १३८ नावाची, अस्तराची जुनाट सूज ओळखण्यासाठी. उपचाराचा खर्च वेगळा. पावतीवर प्रत्येक चाचणीची स्वतंत्र किंमत नव्हती. मी मागितल्यावर ती दोन दिवसांनी मिळाली. आधी मिळाली असती, तर यातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे आम्हाला पैसे भरण्यापूर्वीच ठरवता आले असते.

नमुना घेण्याच्या कामाबद्दल मात्र माझी कोणतीही तक्रार नाही. घरच्या घरी लघवीच्या पट्टीवर एलएच या, बीज सुटण्याआधी वाढणाऱ्या संप्रेरकाची रेघ उमटल्यापासून आठव्या दिवशी या, असे मला सांगण्यात आले होते, आणि ते बरोबर होते, कारण अस्तरातील प्रतिकारपेशींची संख्या पाळीच्या चक्रात सतत बदलत असते आणि दिवस चुकला तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. त्या चक्रात गर्भ राहू देऊ नका, ही सूचनाही त्यांनी लेखी दिली होती. धंतोलीच्या गल्ल्यांत गाडी लावायला जागा मिळत नाही, हे नागपूरकराला सांगायला नको. आम्ही काँग्रेसनगर स्थानकापर्यंत मेट्रोने गेलो आणि पुढे चालत. वेळ अकराची होती, आत बोलावले बारा वाजता. सिस्टर वयाने मोठ्या होत्या आणि त्यांनी माझा हात शेवटपर्यंत सोडला नाही. "ताई, कळ येईल जी, पण मिनिटभरच. मी म्हणेन तेव्हा श्वास सोडजा," असे त्या म्हणाल्या आणि खरोखर तेवढाच वेळ लागला. प्लास्टिकची बारीक नळी आत घालून हलक्या ओढीने अस्तराचा छोटा तुकडा काढतात. दोन दिवस थोडे रक्त जाईल, ताप आला किंवा पोट फार दुखले तर लगेच फोन करा, हे त्यांनी मला आणि बाहेर बसलेल्या माझ्या यजमानांना दोनदा सांगितले. त्याच संध्याकाळी त्यांचा स्वतःहून विचारपूस करणारा फोनही आला. या भागाला मी पाचपैकी पाच गुण देते.

अहवाल नऊ दिवसांनी आला. रक्तातील एनके पेशी १८ टक्के, पुढे लाल अक्षरांत 'जास्त'. अस्तरातील एनके पेशींपुढेही 'वाढलेल्या' असा शेरा. क्षय नाही, जुनाट सूज नाही, थायरॉईड ठीक. आणि सर्वांत खाली, साध्या काळ्या अक्षरांत, अँटिकार्डिओलिपिन हे (अँटिफॉस्फोलिपिडांपैकीच एक) प्रतिपिंड मर्यादेपेक्षा जास्त असल्याची एक ओळ. भेट पंचवीस मिनिटांची झाली. त्यातली वीसहून अधिक मिनिटे लाल आकड्यावर गेली आणि शेवटच्या त्या ओळीवर एकच वाक्य आले, की ती चाचणी नंतर पुन्हा करून घ्या. या संचाबद्दल माझा मुख्य आक्षेप या वेळेच्या वाटणीतच आहे, आणि तो पटावा म्हणून त्या पेशींबद्दल थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

भेटीनंतर समुपदेशक मॅडमनी एक मराठी पत्रक दिले. त्यात 'नॅचरल किलर' या नावाचे भाषांतर 'मारेकरी पेशी' असे केले होते आणि खाली लिहिले होते, की काही स्त्रियांच्या गर्भाशयातील मारेकरी पेशी गर्भाला परका समजून त्याच्यावर हल्ला करतात. मॅडमनी तेच तोंडी सांगितले. मला त्या वाक्यातील चूक त्या क्षणीही अंधुकशी जाणवत होती, तरीही घरी येईपर्यंत मी एवढाच विचार करत होते की माझ्याच शरीराने माझी दोन्ही लेकरे मारली. सासूबाईंनी ते पत्रक वाचले आणि काही न बोलता घडी घालून फ्रिजवर ठेवले. ज्या स्त्रीच्या हातात हे पत्रक पडते ती आधीच स्वतःला दोष देत असते, म्हणून त्यातला प्रत्येक शब्द तपासून छापला गेला पाहिजे, असे मला फार तळमळीने वाटते.

या पेशींना 'किलर' हे नाव गर्भाशयात मिळालेले नाही. १९७५ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत किसलिंग, क्लाइन आणि विग्झेल यांनी उंदरांमध्ये अशा लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशी पाहिल्या, ज्या आधीची कोणतीही ओळख नसताना कर्करोगाच्या पेशी नष्ट करत होत्या, आणि त्यावरून त्यांना हे नाव पडले. रक्तात फिरणाऱ्या एनके पेशींपैकी सुमारे ९० टक्के अशाच, विषारी कणांनी सज्ज असलेल्या असतात आणि त्यांच्यावर सीडी १६ नावाची खूण असते. गर्भाशयातील एनके पेशींवर सीडी ५६ ही खूण ठळक असते आणि सीडी १६ जवळपास नसते. त्यांच्यातही कण असतात, पण त्या निरोगी पेशींना मारण्यात दुबळ्या आहेत आणि त्यांचे बरेचसे काम रसायने स्रवण्याचे आहे. आडनाव एक असले तरी दोन्ही घराण्यांचा व्यवसाय वेगळा आहे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांपैकी सुमारे ७० टक्के याच एनके पेशी असतात. त्या गर्भाच्या मुळावर उठल्या असत्या तर कोणतीच गर्भधारणा टिकली नसती, एवढा साधा विचार पत्रक लिहिणाऱ्याने करायला हवा होता.

आता अस्तराकडे पाहू, कारण पत्रकात अस्तराचा उल्लेखच नाही आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते. बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढते आणि अस्तरातील आधारपेशी आपले रूप बदलू लागतात. लांबट, चरखीच्या चातीसारख्या दिसणाऱ्या त्या पेशी गोल आणि भरदार होतात आणि प्रोलॅक्टिनसारखी द्रव्ये स्रवू लागतात. या बदललेल्या अस्तराचे शास्त्रीय नाव डेसिड्युआ असे आहे आणि त्याचा मूळ लॅटिन अर्थ गळून पडणारे असा होतो. आपल्याकडच्या सागवानाची पानगळ ज्याने पाहिली आहे त्याला हे नाव लगेच समजेल. माणसात हे रूपांतर गर्भ असो वा नसो दर महिन्याला होते, आणि गर्भ आला नाही तर ते अस्तर पाळीत गळून जाते. उंदरात तसे नाही, तिथे गर्भ चिकटल्यावरच ते सुरू होते.

या रूपांतरित आधारपेशी इंटरल्युकिन-१५ नावाचे द्रव्य तयार करतात. एनके पेशी त्यावर जगतात, वाढतात आणि गर्भाशयाला साजेसे रूप घेतात. गंमतीची गोष्ट म्हणजे गर्भाशयातील एनके पेशींमध्ये प्रोजेस्टेरॉनचा नेहमीचा ग्राही, म्हणजे त्याचा निरोप टिपणारा रेणू, आढळत नाही. म्हणजे त्या पेशींना प्रोजेस्टेरॉनचा निरोप थेट ऐकू येत नाही, तो अस्तर त्यांना आपल्या भाषेत सांगते. हे कळले तेव्हा मी अहवाल पुन्हा उघडला आणि माझ्या लक्षात आले की अस्तराचे रूपांतर नीट झाले आहे की नाही, याबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. एनके पेशी मोजल्या होत्या, पण त्या ज्याच्या सांगण्यावरून वाढतात त्याची विचारपूस कोणी केली नव्हती. पेशी जास्त दिसल्या तर त्या पेशींचा दोष की त्यांना वाढवणाऱ्या अस्तराचा, की दोष कोणाचाच नाही आणि नमुना एक दिवस उशिरा घेतला गेला, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही.

उलट दिशेचा निरोपही तितकाच महत्त्वाचा आहे. रूपांतराच्या वेळी अस्तरातील काही आधारपेशी थकतात, म्हणजे त्यांची वाढ कायमची थांबते आणि त्या सूज वाढवणारी द्रव्ये सोडू लागतात. थोड्या काळासाठी ही सूज उपयोगी असते, ती गर्भ रुजण्यासाठी अस्तराची दारे उघडते. पण ती तशीच राहिली तर अस्तर ठिसूळ होते. ब्रिटनच्या वॉरविक विद्यापीठातील यान ब्रोसन्स यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले, की गर्भाशयातील एनके पेशी नेमक्या या थकलेल्या आधारपेशींना ओळखून आपले विषारी कण त्यांच्यावर सोडतात आणि अस्तर स्वच्छ करतात. म्हणजे 'किलर' या नावाला साजेसे जे काम त्या गर्भाशयात करतात, त्याने गर्भाची जागा नीट होते. आमच्या पत्रकात हे वाक्य असते तर सासूबाईंनी ते घडी घालून ठेवले नसते.

माझ्या वडिलांची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे आणि लहानपणापासून मी डोळा बांधताना पाहत आले आहे. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंबासकट सालीचा तुकडा, बसवतात. खुंट एका जातीचा, डोळा दुसऱ्या जातीचा, तरी दोघांचा रस एक होतो आणि झाड पंचवीस-तीस वर्षे उभे राहते. माणसाच्या शरीरात परके कलम असे सहज लागत नाही. त्वचा असो वा मूत्रपिंड, शरीर ते झिडकारते. मग अर्धी जनुके वडिलांकडून घेऊन आलेला गर्भ नऊ महिने कसा टिकतो, हा प्रश्न पीटर मेदावार यांनी १९५३ मध्ये नेमक्या शब्दांत मांडला. शरीर परक्या ऊती सहन करायला शिकू शकते, या शोधासाठी त्यांना पुढे १९६० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आईची प्रतिकारशक्ती दबली असेल, हे त्यांनी सुचवलेल्या संभाव्य उत्तरांपैकी एक होते. 'प्रतिकारशक्ती दाबा म्हणजे गर्भ टिकेल' ही कल्पना अजूनही लोकांना पटकन पटते, आणि माझ्या संचातील उपचार त्याच कल्पनेवर उभे होते.

पुढच्या संशोधनाने मात्र वेगळे चित्र दाखवले आहे. वारेच्या ज्या पेशी आईच्या अस्तरात खोल शिरतात, त्यांच्यावर कलम नाकारण्याला सर्वाधिक कारणीभूत ठरणाऱ्या एचएलए-ए आणि एचएलए-बी या खुणा नसतात. त्यांच्यावर एचएलए-सी, एचएलए-ई आणि एचएलए-जी असतात. एनके पेशींवरील केआयआर नावाचे ग्राही यातील एचएलए-सी ओळखतात. केंब्रिजच्या अ‍ॅशली मॉफेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये असे मांडले, की आईकडे केआयआरचा 'एए' हा प्रकार आणि गर्भाकडे एचएलए-सीचा 'सी २' हा प्रकार असेल, तर गरोदरपणातील उच्च रक्तदाबाचा विकार, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, होण्याची शक्यता वाढते. या जोडीत एनके पेशींना थांबण्याचा निरोप अधिक जोरात मिळतो. त्या थंडावल्या की वारेच्या पेशी पुरेशा खोल जात नाहीत आणि अस्तरातील नागमोडी धमन्या रुंद होत नाहीत, आणि मग बाळाला रक्त कमी पडते. ज्या स्त्रियांच्या एनके पेशींना याच खुणेवरून जागे होण्याचा निरोप मिळतो, त्यांना हा धोका कमी असतो. धमन्यांचे हे रुंदीकरण एनके पेशींच्याच मदतीने सुरू होते. ज्या उंदरांत एनके पेशी नसतात, त्यांच्या गर्भाशयातील धमन्या जाड भिंतींच्या आणि अरुंदच राहतात, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे पुरेशा जाग्या नसलेल्या एनके पेशी हाही धोकाच आहे. अशा पेशींना सरसकट दाबण्याचे औषध देण्यापूर्वी डॉक्टरांनी दहा वेळा विचार करावा, अशी माझी अपेक्षा होती.

टी पेशींपुरते, म्हणजे परके कलम झिडकारणाऱ्या प्रतिकारपेशींपुरते, बोलायचे तर, अस्तर त्यांना फारसे आत येऊच देत नाही. त्यांना बोलावणाऱ्या रसायनांची जनुके रूपांतरित आधारपेशींत बंद केलेली असतात, असे २०१२ मध्ये उंदरांवरील अभ्यासात आढळले. ज्या आत येतात त्यांतही समजूत घालणाऱ्या नियामक पेशींचा वाटा मोठा असतो. २०१८ मध्ये रोसेर व्हेंतो-तोर्मो आणि सहकाऱ्यांनी पहिल्या तिमाहीतील वार आणि अस्तर यांच्या सुमारे ७०,००० पेशी एकेक करून तपासल्या, तेव्हा अस्तरातील एनके पेशींचेही तीन वेगळे गट दिसले. माझ्या अहवालातील 'वाढलेल्या' हा शेरा या तिन्हींपैकी कोणाबद्दल आहे, हे त्या रंगचाचणीतून कळण्याचा मार्ग नाही.

रक्ताच्या चाचणीची अवस्था याहूनही कच्ची आहे. रक्तातील एनके पेशी आणि अस्तरातील एनके पेशी यांचे प्रकार वेगळे आहेत हे वर लिहिलेच आहे. शिवाय रक्तातील आकडा पायऱ्या चढल्याने, घाबरल्याने, दिवसाच्या वेळेनेही बदलतो. मी त्या दिवशी मेट्रो स्थानकापासून उन्हात चालत आले होते आणि सुई पाहून थरथरत होते. निरोगी प्रौढांच्या रक्तात लिम्फोसाइट पेशींपैकी ५ ते १५ टक्के, काही प्रयोगशाळांच्या हिशेबाने २० टक्क्यांपर्यंतही, एनके पेशी असतात. माझ्या प्रयोगशाळेने मर्यादा १२ धरली होती, म्हणून माझे १८ लाल झाले. शहराच्या दुसऱ्या टोकाला तोच आकडा काळ्या अक्षरांत छापला गेला असता. युरोपातील प्रजननवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एश्रेने, वारंवार होणाऱ्या गर्भपातांवरील २०१७ च्या मार्गदर्शिकेत रक्तातील किंवा अस्तरातील एनके पेशींची चाचणी सुचवण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले होते. हे मला भेटीत सांगितले गेले नाही, आणि या चाचणीपोटी मोजलेले ६,८०० रुपये मला वाया गेल्यासारखे वाटतात.

उपचार म्हणून तीन गोष्टी सुचवण्यात आल्या. पहिली इंट्रालिपिडची सलाईन, दर वेळी ५,५०० रुपये, गर्भ राहण्यापूर्वी एकदा आणि नंतर दर दोन-तीन आठवड्यांनी. हे दुधासारखे पांढरे औषध म्हणजे सोयाबीनचे तेल, अंड्याच्या बलकातील स्निग्ध द्रव्य आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण आहे. जे रुग्ण तोंडाने खाऊ शकत नाहीत त्यांना शिरेतून स्निग्धांश देण्यासाठी ते १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये तयार झाले आणि त्या कामासाठी ते आजही मोलाचे आहे. ते एनके पेशींना शांत करते, यासाठी मला दाखवलेला आधार मुख्यतः प्रयोगशाळेतील रक्तपेशींवरचा होता. मला अंड्याची किंवा सोयाबीनची अ‍ॅलर्जी आहे का, हे कोणी विचारले नाही, आणि हा प्रश्न विसरण्यासारखा नाही.

दुसरी गोष्ट प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची गोळी. गर्भाशयातील एनके पेशींत स्टिरॉइडचा ग्राही असतो, त्यामुळे त्यांची संख्या या गोळीने कमी होऊ शकते, हे खरे आहे. संख्या कमी झाल्याने बाळ टिकते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. माझ्या आईला आणि मावशीला मधुमेह आहे आणि ही गोळी साखर वाढवते. त्याबद्दल मी स्वतः विचारले तेव्हा 'बघू' असे उत्तर मिळाले. तिसरी गोष्ट यजमानांच्या रक्तातील लिम्फोसाइट पेशी मला टोचण्याची. तिला आम्ही तिथेच नकार दिला, कारण या पद्धतीची नीट चाचणी कॅरोल ओबर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली आहे आणि तिच्यात फायदा दिसला नाही, उलट टोचून घेतलेल्या स्त्रियांत यश कमीच दिसले. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००२ मध्ये ही पद्धत मंजूर संशोधनाबाहेर वापरण्यास मनाई केली. दोन दशकांनंतर नागपुरात ती आम्हाला छापील दरपत्रकासह सुचवली गेली, याचे मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या आठवड्यात मी प्रश्नांची यादी घेऊन केंद्राच्या मुख्य डॉक्टर मॅडमना भेटले. त्यांनी वेगळी फी घेतली नाही, चाळीस मिनिटे दिली आणि एकही प्रश्न टाळला नाही, हे इथे नोंदवलेच पाहिजे. इंट्रालिपिडचा पुरावा अपुरा आहे हे त्यांनी मान्य केले. दोन-तीन गर्भ गमावलेली जोडपी 'काहीतरी करा' म्हणून रडतात, त्यांना रिकाम्या हाताने पाठवणे जड जाते, असे त्या म्हणाल्या, आणि मला ते खरे वाटले. मी त्यांना एवढेच म्हटले, की आम्हाला रिकाम्या हाताने पाठवू नका, पण हातात जे द्याल त्याचे वजन आधी सांगा. त्यानंतर त्यांनी अहवालाच्या शेवटच्या काळ्या ओळीवर बोट ठेवले आणि ज्या गोष्टी पहिल्या भेटीत व्हायला हव्या होत्या त्या झाल्या.

अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे एकदा जास्त आली म्हणून निदान होत नाही. साध्या तापानंतरही ती काही काळ वाढू शकतात. किमान १२ आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा, पुरेशा प्रमाणात आढळली, तर आणि तरच त्यांना महत्त्व द्यायचे. तसे झाले तर अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी आणि रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या हेपारिनची इंजेक्शने यांचा उपयोग चाचण्यांतून दिसलेला आहे, आणि इथेही प्रतिकारशक्ती आणि वार यांचा संबंध आहेच, फक्त तो अधिक पक्क्या जमिनीवर उभा आहे. दुसरी बाब त्यांनी सांगितली ती ऐकून मला जुने दुःख नव्याने झाले. पहिल्या तिमाहीत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रांची चूक असते, आणि ती पडलेल्या गर्भाच्या ऊतींवरून तपासता येते. माझ्या दुसऱ्या वेळी, वेगळ्या रुग्णालयात, पिशवी साफ केल्यावर ती ऊती कोणी जपून ठेवली नाही आणि आम्हाला विचारलेही नाही. तो तपासणी अहवाल उपलब्ध असता तर कदाचित एनके पेशींपर्यंत जाण्याची वेळच आली नसती. ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांच्या घरच्या माणसांनी डॉक्टरांना त्याच वेळी या तपासणीबद्दल विचारावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता कोणी मला विचारले, तर संचातील चाचण्या सुट्या घ्याव्यात असे मी सांगेन. प्रतिपिंडे, थायरॉईड आणि अस्तरावरची सीडी १३८ ची रंगचाचणी यांवर पैसे खर्च करण्याला कारण आहे, कारण सूज सापडली तर डॉक्सिसायक्लिनसारखे स्वस्त प्रतिजैविक देता येते. अस्तराच्या क्षयाची तपासणीही आपल्या भागात सोडू नये, कारण तो कोणतीही ठळक लक्षणे न दाखवता अस्तराची हानी करू शकतो. रक्तातील एनके पेशींची चाचणी करू नये. अस्तरातील एनके पेशींची मोजणी एखाद्या संशोधनात सहभागी होऊन, तिचा हेतू समजून करता आली तर जरूर करावी, कारण या पेशी आणि अस्तर यांचा संवाद कुठे बिघडतो हे कधीतरी कळायला हवे आणि ते आमच्यासारख्या स्त्रियांच्या नमुन्यांवाचून कळणार नाही. पण तिच्यावरून सलाईन ठरवू देऊ नये. तंत्र आणि सिस्टर यांना पाच, मुख्य डॉक्टरांच्या दुसऱ्या भेटीला चार, आणि पहिल्या भेटीला, पत्रकाला आणि एकरकमी किमतीला एक, असे माझे गुण आहेत.

त्या दुसऱ्या भेटीतून निघताना मी ते पत्रक परत दिले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, सुचवणी म्हणून, चार ओळी लिहून दिल्या: 'गर्भाशयातील एनके पेशी अस्तराच्या सांगण्यावरून वाढतात, थकलेल्या पेशी दूर करतात आणि बाळापर्यंत रक्त नेणाऱ्या धमन्या रुंद करण्यास मदत करतात. त्यांची संख्या जास्त असणे हा आजार आहे, असे आज सिद्ध झालेले नाही.' डॉक्टर मॅडमनी ते माझ्यासमोर दोनदा वाचले आणि पुढच्या छपाईत 'मारेकरी' हा शब्द काढण्याचे कबूल केले. माझी प्रतिपिंडांची दुसरी चाचणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. त्या दिवशी मी नवे पत्रक मागून घेणार आहे, एक स्वतःसाठी आणि एक सासूबाईंसाठी.